भोईवाड्याचा पाठ

वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या गुरुजींजवळ एक साधन असते. शाळेच्या साहित्याच्या नोंदवहीत ते कधी लिहिलेले नसते. ते साधन म्हणजे समोरच्या मुलांचे चेहरे. एखादी गोष्ट सांगून झाली आणि पन्नास जोडी डोळे कोरेच राहिले, की गुरुजी तीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगू लागतात. शब्द अपुरे पडले तर फळ्यावर आकृती काढतात. आकृतीनेही भागले नाही तर दोन मुलांना पुढे बोलावून, दोरी हातात देऊन, प्रत्यक्षच करून दाखवतात. हे सारे इतक्या सहज घडते, की एका तासात गुरुजींनी चार प्रकारांनी शिकवले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रमात हे चेहरे नसतात. पाठ तयार करणारा भोईवाड्यात बसलेला, आणि पाठ घेणारा कदाचित गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला, पर्लकोटा नदीच्या काठी. त्याला कोठे अडले हे इकडे दिसत नाही. म्हणून वर्गात जे ऐन वेळी सुचते, ते येथे आधीच सुचावे लागते. शब्द कोठे पुरे होतील, चित्र कोठे हवे, आवाज कोठे ऐकवावा आणि हलते चित्र कोठे दाखवावे, याचा निवाडा पाठ लिहितानाच करावा लागतो.

मुलांनो, हा निवाडा कसा करतात हे एका उदाहरणाने पाहू. समजा, भोईवाड्यातील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाने ठरवले, की आपल्या वस्तीवर एक ऑनलाइन पाठ तयार करायचा. तो भामरागडच्या मुलांसाठी. त्यांनी मुंबई पाहिलेली नाही, असे धरून चालू.

प्रथम मजकूर. पुष्कळांना वाटते, की ऑनलाइन म्हटले म्हणजे अक्षरांचे काम संपले. ही समजूत चुकीची आहे. नाव, सन, कारण आणि क्रम या गोष्टी अक्षरांइतक्या नेमकेपणाने दुसरे काहीही सांगू शकत नाही. भोई म्हणजे पालखी-मेणे वाहणारे आणि पाण्यावर मासेमारीचे व होडीचे काम करणारे लोक. त्यांचा वाडा तो भोईवाडा. जवळचे परळ हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. एवढी हकीकत पाच-सहा ओळींत मावली. विसरली तर मागे जाऊन पुन्हा वाचता येते. हेच कोणी बोलून दाखवले असते, तर ‘१८९७ की १८९९?’ असा घोळ झालाच असता.

परंतु सात बेटे म्हणजे नेमके काय, हे अक्षरांनी सांगू पाहा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम, ही सात नावे पाठ होतील; पण परळहून वरळीला जाताना मध्ये पाणी लागत असे, हे डोळ्यांपुढे उभे राहणार नाही. येथे नकाशाच हवा. त्यातही एक नकाशा पुरत नाही. एक जुना, खाड्या दाखवणारा, दुसरा आजचा. वरळीची खाडी १७८४ च्या सुमारास बांध घालून अडवली, ती जागा दोन्हींवर एकाच रंगाने दाखवली, की समुद्र कसा हटत गेला ते मूल स्वतःच बोट ठेवून सांगेल. नकाशाखाली मग लांबलचक खुलासा लिहू नये. चित्राने सांगितलेलेच शब्दांनी पुन्हा सांगितले, की वाचणारा दोहोंकडेही दुर्लक्ष करतो.

आता परळच्या शिवशिल्पाकडे या. १९३१ साली परळ भागात रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. ती आज बारादेवी मंदिरात आहे. पाचव्या-सहाव्या शतकातील हे कोरीव काम पांढरट ग्रॅनाइटमध्ये आहे. मध्ये शिव उभा. त्याच्या खांद्यांमागून दुसरा शिव वर निघालेला. त्याच्यावर तिसरा. दोन्ही बाजूंना आणखी चार आकृती फांद्यांसारख्या बाहेर झेपावलेल्या. अशा सात आकृती, आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण. हे वर्णन वाचून तुम्ही मनात एक चित्र रंगवले असेल; पण शेजारच्या मुलाने रंगवलेले चित्र निराळे असणार. छायाचित्र हा वाद मिटवते. मात्र तेही एक गोष्ट लपवते. पडद्यावर तीन बोटांएवढे दिसणारे ते शिल्प प्रत्यक्षात ३ मीटरांहून उंच आहे! म्हणून छायाचित्राशेजारी त्याच मापाने एका मुलाची बाह्यरेखा काढावी. लगेच कळते, की सातवीतले मूल त्या शिळेच्या निम्म्याच्या आसपास पोचेल. (या शिल्पाची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. मूळ शिल्प पूजेच्या जागी आहे, तेव्हा तेथे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारली पाहिजे.)

पुढचा विषय गिरण्यांचा, आणि आपल्या पाठाचा खरा गाभा हाच. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या माणसांनी परळ-लालबागच्या चाळी भरून गेल्या त्या गिरण्यांमुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. हे झाले मजकुराचे काम. पण गिरणीत माणूस दिवसभर काय करत होता?

विणकर साच्यावर काम करत असे. साचा म्हणजे माग. साच्यावर उभे ताणलेले धागे हा ताणा, आडवा जाणारा धागा हा बाणा. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात. मध्ये जी फट पडते तिच्यातून बाण्याची कांडी पोटात घेतलेला धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो. मग फणी पुढे येऊन नवा धागा घट्ट ठोकते. वरचे धागे खाली, खालचे वर, आणि धोटा परत. तुम्ही हे वाचले. समजले काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्ध्या वर्गाला समजणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. क्रियेचे वर्णन अक्षरांनी करणे म्हणजे पोहणे पत्राने शिकवण्यासारखे आहे. स्थिर चित्रही येथे लंगडे पडते, कारण चित्रात धोटा डावीकडे तरी दिसेल नाही तर उजवीकडे. तो जातो कसा हे दिसणार नाही.

येथे चलचित्र हवे. तेही विचार करून. यंत्रमागावरचा धोटा मिनिटाला सुमारे दोनशे वेळा इकडून तिकडे जातो. चालू साच्याचे जसेच्या तसे चित्रण केले, तर डोळ्यांना नुसती थरथर दिसेल. म्हणून आधी गती मंद करून एकच फेरा दाखवावा. फट पडली, धोटा गेला, फणी आली. तोच फेरा आणखी एकदा दाखवावा. मग पूर्ण वेगाने. असे दीड मिनिटाचे चित्रण पुरे आहे. गिरणीचे फाटक, बाहेरचा रस्ता, मागे संगीत, असले काही त्यात घालू नये. मला विचाराल, तर शिकवण्याच्या चित्रफितींतील निम्मे संगीत काढून टाकले तरी कोणाचे काहीही बिघडणार नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे, की जी ना अक्षरांत येते, ना चित्रात. ती म्हणजे आवाज. गिरणीचा भोंगा वाजला म्हणजे साऱ्या वस्तीचे घड्याळ त्यावर लागे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. चुलीवरची भाकरी आणि शाळेची वाट दोन्ही भोंग्यावर चालत. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालत आणि शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागे. आज ते आवाज परळच्या रस्त्यावर ऐकू येत नाहीत. ज्यांच्या कानांत ते आहेत, ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत.

आपल्या वर्गातील एखाद्याच्या चाळीत असे एक आजोबा असतीलच. त्यांच्याकडे जाऊन त्यांचे बोलणे नोंदवून घ्यावे. हे काम दिसते सोपे, पण त्याला शिस्त लागते. प्रश्न एकच विचारावा आणि गप्प बसावे. ‘आजोबा, पहिल्या दिवशी साच्यावर उभे राहिलात तेव्हा काय झाले?’ एवढे पुरे. ते थांबले, तर आपणही थांबावे. थांबण्यानंतरच बहुधा खरे बोलणे येते. त्यांची भाषा मालवणी असो की साताऱ्याकडची, ती सुधारून घेऊ नये. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, कारण पंख्याची घरघर कानाला जाणवत नसली तरी ध्वनिमुद्रणात ती शब्द गिळून टाकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे बोलणे आम्ही दूरच्या मुलांना ऐकवणार आहोत, असे त्यांना आधी स्पष्ट सांगावे. तयार झाल्यावर त्यांनाच पहिल्यांदा ऐकवावे. ‘ही एवढी गोष्ट काढून टाक, बाळ,’ असे ते म्हणाले, तर ती काढावी.

दुसऱ्याने काढलेले छायाचित्र किंवा लिहिलेला मजकूर घेतानाही असाच विवेक हवा. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाचा आपल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. महाजालावर चित्र सापडले, एवढ्याने ते आपले होत नाही.

आता सर्व साहित्य जमले. ते सारे पाठात घालून टाकावे काय? थोडा हिशेब करू. संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साठवण्यास साधारणपणे ३ बाइट लागतात. आपला मजकूर १०,००० चिन्हांचा असेल, तर तो झाला ३०,००० बाइटचा, म्हणजे ३० किलोबाइट. आजोबांचे बोलणे पाच मिनिटांचे आहे. बोलण्यासाठी सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात; ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ३०० सेकंदांचे २,४०० किलोबाइट झाले. चलचित्र साधारण चांगले दिसावे म्हणून सेकंदाला १ मेगाबिट धरले, तर सेकंदाला १२५ किलोबाइट, आणि तेही पाच मिनिटांचे असेल तर ३७,५०० किलोबाइट! म्हणजे पाच मिनिटांच्या चलचित्राच्या जागेत आपला मजकूर १,२५० वेळा मावेल.

हे आकडे केवळ गणिताचे नाहीत. परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत पुष्कळदा एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. संध्याकाळी तो हाती येतो तेव्हा दिवसाचा डेटा बहुतेक संपलेला असतो, आणि घरात पाठ घेणारी भावंडे दोन असतात. भामरागडला तर डेटा असूनही कित्येकदा संपर्कच नसतो. अशा मुलासमोर पाठाच्या दारातच मोठे चलचित्र ठेवले, तर ते चक्र पडद्यावर नुसते फिरत राहील आणि मूल मोबाइल खाली ठेवील. आपल्याला वाटेल, त्याला अभ्यासाची आवड नाही. म्हणून मजकूर आधी. तो एकदा उतरवून घेतला, की संपर्क नसतानाही वाचता यावा. चित्रे आकाराने लहान करून. आवाज वेगळा उतरवता येईल असा. चलचित्र सर्वांत शेवटी आणि दीड मिनिटाचेच. आणि ते ज्याला पाहता येणार नाही त्याच्यासाठी त्याच फेऱ्याच्या चार स्थिर आकृती शेजारी.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रापुढे फार मोठ्या प्रमाणात उभा राहिला. तेव्हा ज्याच्या हाती जे साधन होते ते वापरले गेले. पालघर जिल्ह्यातील काही पाड्यांवर जेथे मोबाइलचा उपयोग नव्हता, तेथे ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ भरली. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्या वाहिनीला डेटा लागत नव्हता. शिक्षणासाठी चलचित्रे बनवण्याचे काम मात्र त्याहून जुने. पुण्यात बालचित्रवाणी १९८४ पासून ते करीत होती.

छापील पुस्तक आणि ऑनलाइन साहित्य यांची गाठ घालण्याचा एक नामी उपाय सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात निघाला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत काळ्या ठिपक्यांचे चौकोनी संकेत घातले. त्यांना क्यूआर संकेत म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो चौकोन टिपला, की त्या धड्याशी जोडलेली ध्वनिमुद्रित कविता, चलचित्र, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडत असे. यातील मर्म चौकोनात नाही, जोडणीत आहे. ज्या पानावर मूल अडते, त्याच पानावर पुढची मदत ठेवलेली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा १० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत असे चौकोन तुम्ही पाहिले असतील. ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावरील साहित्य त्यांतून उघडते. हे संकेतस्थळ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. मोठ्यांसाठी त्याच वर्षी ‘स्वयम्’ सुरू झाले. तेथे प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग करतात: चलचित्र, वाचनाचा मजकूर, चर्चेची जागा आणि स्वतःची परीक्षा स्वतः घेण्याचे प्रश्न.

या चौथ्या भागाकडे सहसा कमी लक्ष दिले जाते. ‘परळचे शिल्प कोणत्या साली सापडले?’ हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचे उत्तर दोन ओळी वर पाहून लिहिता येते. त्याऐवजी असे विचारू: धोट्यातील कांडीवरचे सूत संपले आणि साचा तसाच चालू राहिला, तर काय होईल? एखादे मूल उत्तर निवडील, ‘कापड उभे फाटेल.’ वर्गात गुरुजी म्हणाले असते, ‘असे का वाटते तुला?’ येथे गुरुजी नाहीत. म्हणून त्या चुकीच्या उत्तराशीच एक ओळ बांधून ठेवायची: ‘उभे धागे तर अजून साच्यावर ताणलेलेच आहेत. मग कोणता धागा येईनासा झाला?’ मूल पुन्हा विचार करील आणि त्याला उमगेल, की बाणाच नाही तर कापडच होणार नाही, नुसते उभे धागे पुढे सरकत राहतील. नुसती लाल फुली दाखवण्याने एवढे काम झाले नसते. अशा एका प्रश्नाला तीन चुकीची उत्तरे असतील, तर तीन निराळ्या ओळी लिहाव्या लागतात. कष्टाचे काम खरेच. पण समोर नसलेले चेहरे पाहण्याची हीच एक वाट आहे.

आणखी दोन मुलांचा विचार व्हायला हवा. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. आपल्या शेजारी दादरला अंध मुलींची शाळा १९०० सालापासून आहे. तेथील एखादी मुलगी हा पाठ घेईल, तेव्हा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली ती वापरील. शिवशिल्पाच्या छायाचित्राजवळ ती प्रणाली आली, की तेथे वर्णन लिहिलेले नसेल तर ती नुसते ‘चित्र’ एवढेच म्हणेल. मघाशी आपण शिल्पाचे जे वर्णन केले आणि छायाचित्रापुढे अपुरे ठरवले, तेच येथे कामी येते. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी आजोबांचे बोलणे जसेच्या तसे लिहून खाली द्यावे. त्या लेखी मजकुराचा उपयोग त्या मुलालाच होतो असे नाही. ज्याला मालवणी समजत नाही तोही ते वाचत ऐकील.

पाठ बांधून झाला म्हणजे तो भामरागडला पाठवण्याआधी एकदा पारखून घ्यावा. दुसऱ्या शाळेतील, हा विषय ठाऊक नसलेले एक मूल बोलवावे. त्याच्या हाती साधासा, जुना मोबाइल द्यावा आणि आपण त्याच्या मागे, थोडे बाजूला बसावे. काही सांगायचे नाही. ‘अरे, ते खालचे दाब,’ असे तोंडातून निसटू द्यायचे नाही. हातात वही घेऊन एवढेच टिपायचे, की त्याचे बोट कोठे थबकले, कोणती ओळ त्याने दोनदा वाचली, कोणते चित्र न पाहताच पुढे सरकवले, आणि आजोबा बोलता बोलता थांबले तेव्हा त्याने आवाज बंद केला की मोबाइल कानाजवळ नेला.

अभ्यास

१. शिवशिल्पाचे छायाचित्र कोणती गोष्ट सांगते आणि कोणती लपवते? लेखकाने त्यावर कोणता उपाय सुचवला आहे?
२. साच्यावर ताणा, बाणा, धोटा आणि फणी यांची कामे कोणती? चार आकृती काढून एक फेरा दाखवा.
३. आपल्या घराजवळील एखादा जुना कारागीर किंवा कामगार निवडा. त्याला विचारायचा एकच प्रश्न लिहा आणि तोच का निवडला ते सांगा.
४. तीन मिनिटांचे बोलणे सेकंदाला ६४ किलोबिट या दराने साठवले, तर किती किलोबाइट जागा लागेल?